पिवळ्या पाटीच्या पलीकडे : युरोपच्या वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
युरोपीय संघाच्या २७ सदस्य देशांचे वाहतूक मंत्री,
तसेच युरोपीय आयोगाचे वाहतूक आयुक्त, ब्रुसेल्स

विषय : गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यांवरील वेगमर्यादा आणि २०३० चे उद्दिष्ट

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. गेली १४ वर्षे मी जर्मनीच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात, बर्लिनपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका लहान गावात राहते. आमच्या गावातून शेजारच्या शहराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिंडनची जुनी झाडे आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्या सावलीतून जाताना मला जुन्या सातारा रस्त्यावरचे वड हमखास आठवतात. त्या रस्त्यावर चार ठिकाणी झाडाच्या बुंध्याशी लाकडी क्रूस रोवलेले आहेत आणि त्यांच्या पायाशी काचेच्या लाल दिव्यांत मेणबत्त्या तेवत असतात. त्यांतला सर्वांत नवा क्रूस आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाचा आहे. तो १९ वर्षांचा होता. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी ओल्या पानांवरून त्याची गाडी घसरली आणि कुशीवर झाडाला धडकली. तो दारू प्यायलेला नव्हता, हातात मोबाइल नव्हता आणि त्याचा वेग त्या रस्त्यावर कायद्याने मान्य असलेल्या मर्यादेच्या आतच होता, असे पोलिसांनी सांगितल्याचे त्याचे वडील मला म्हणाले. एवढे सांगून झाल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

हे पत्र त्या ‘मर्यादेच्या आत’ या शब्दांबद्दल आहे. गावाच्या नावावर तांबडी तिरपी रेघ मारलेली पिवळी पाटी ओलांडली, की जर्मनीत साध्या दुपदरी रस्त्यावरही ताशी १०० किलोमीटरने जाण्याची मुभा मिळते, मग मध्ये दुभाजक असो वा नसो, कडेला झाड असो वा विजेचा खांब. ही मुभा कोणा बेफिकीर चालकाने घेतलेली नाही, ती राज्यसंस्थेने दिलेली आहे, आणि म्हणून तिचा जाबही राज्यसंस्थेलाच विचारला पाहिजे, असे मला वाटते.

माझ्या राज्याच्या आणि संघराज्याच्या मंत्रालयांना मी हेच म्हणणे जर्मन भाषेत कळवले आहे. तरी मराठीत लिहीत आहे, कारण म्युनिक, ॲमस्टरडॅम, डब्लिन, स्टॉकहोम अशा शहरांत आता हजारो मराठी कुटुंबे राहतात, त्यांतल्या अनेकांनी इथले नागरिकत्व घेतले आहे किंवा घेण्याच्या वाटेवर आहेत, आणि या विषयावर आपल्यापुढे मागणी मांडण्याचा हक्क व जबाबदारी दोन्ही त्यांच्याकडे आहेत. जिथे २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली, त्या देशातून आलेल्या बाईने युरोपला काय शिकवावे, असे कोणी विचारील. शिकवण्याचा माझा हेतू नाही. युरोपने जे स्वतः शोधले, मोजले आणि जगाला सांगितले, ते युरोपने स्वतःच्या सर्व रस्त्यांवर अमलात आणावे, एवढीच माझी विनंती आहे.

आजच्या २७ देशांत मिळून २००१ साली ५१,००० हून अधिक माणसे रस्त्यांवर मेली होती. २०१० मध्ये तो आकडा २९,६०० च्या आसपास आला आणि २०१९ मध्ये सुमारे २२,८०० झाला. ही मोठीच कामगिरी आहे आणि तिच्यामागे सीटबेल्टची सक्ती, भक्कम गाड्या, दारूवरची कडक तपासणी आणि स्पीड कॅमेरे यांच्यासाठी झगडलेल्या असंख्य माणसांचे कष्ट आहेत. मार्च २०१७ मध्ये माल्टातील व्हॅलेटा येथे वाहतूक मंत्र्यांनी रस्ते सुरक्षेचा जाहीरनामा स्वीकारला. त्यानंतर ठरलेले उद्दिष्ट असे, की २०१९ चा आकडा २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचा, म्हणजे सुमारे ११,४०० वर, आणि २०५० पर्यंत शून्याच्या जवळ न्यायचे. प्रत्यक्षात २०२४ मध्ये सुमारे १९,९०० माणसे गेली. दिवसाला ५४. पाच वर्षांत १३ टक्के घट झाली, आणि उरलेल्या सहा वर्षांत उद्दिष्ट गाठायचे तर दरवर्षी नऊ टक्क्यांच्या जवळपास घट हवी. युरोपीय लेखापरीक्षक न्यायालयाने, म्हणजे संघाच्या कारभाराचे लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थेने, २०२४ च्या आपल्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे, की आहे याच गतीने चालत राहिलो तर २०३० पर्यंत फार तर एक चतुर्थांश घट होईल. मागच्या दशकाचे उद्दिष्टही असेच हुकले होते. २०१० ते २०२० या काळात मृत्यू निम्मे करायचे होते, ते ३६ टक्क्यांनीच कमी झाले, आणि त्यातही शेवटच्या वर्षी महामारीमुळे रस्ते ओस पडले होते. सदस्य देशांपैकी एकट्या ग्रीसने ते उद्दिष्ट गाठले.

हे मृत्यू होतात कुठे? परदेशातला पाहुणा आला, की मला हमखास ऑटोबानविषयी विचारतो, कारण वेगमर्यादा नसलेला जर्मन द्रुतगती मार्ग जगभर प्रसिद्ध आहे. ऑटोबानवर सरसकट मर्यादा असावी असेच माझे मत आहे. १९७८ पासून तिथे १३० ची फक्त शिफारस आहे आणि शिफारशीने कोणाचा पाय पेडलवरून हलत नाही. परंतु संपूर्ण युरोपीय संघाचा विचार केला तर द्रुतगती मार्गांवर होणारे मृत्यू दहांत एकाच्या आसपास आहेत. शहरी रस्त्यांवर ३८ टक्के होतात. उरलेले अर्ध्याहून अधिक, सुमारे ५२ टक्के, गावांना गावे जोडणाऱ्या साध्या रस्त्यांवर होतात. तिथे वाहने कमी असतात, कॅमेरे विरळ असतात, अपघाताची बातमी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रापलीकडे जात नाही आणि जवळचे रुग्णालय ४० किलोमीटरवर असते. मोठ्या शहरांचे महापौर रस्ते सुरक्षेच्या परिषदांत बोलतात, छायाचित्रांत दिसतात. आमच्यासारख्या गावांच्या रस्त्यांना तिथे जागा मिळत नाही.

आमच्या भागाला या बाबतीत स्वतःचा इतिहासही आहे आणि तो मला इथल्या वृद्ध शेजाऱ्यांकडून प्रथम कळला. पूर्व जर्मनीत गावाबाहेरच्या रस्त्यांवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा होती, ऑटोबानवर १०० ची. १९८९ मध्ये भिंत पडली आणि पश्चिमेकडच्या वेगवान गाड्या काही महिन्यांत घराघरांत आल्या. लोकांना मोकळे झाल्याचा आनंद होता, तो समजण्यासारखाच होता, आणि जुने बंधन म्हटले की ते झुगारावेसे वाटत होते. रस्ते मात्र तेच राहिले, अरुंद, दुतर्फा झाडांचे. १९८९ ते १९९१ या दोन वर्षांत पूर्वेकडील राज्यांत रस्त्यांवरच्या मृत्यूंचा आकडा दुपटीच्याही वर गेला. झाडांशी लाकडी क्रूस रोवले जाऊ लागले ते याच काळात, असे ते शेजारी सांगतात. पुढे ब्रांडेनबुर्गने अनेक रस्त्यांवर झाडांपुढे धातूचे कठडे घातले आणि जिथे कठडे नाहीत अशा बऱ्याच ठिकाणी ७० ची मर्यादा आणली. झाडे न तोडताही माणसे वाचवता येतात, हे त्यातून दिसले. आमच्या रस्त्यावर ते दोन्ही अजून पोहोचलेले नाही.

शंभरच्या आणि ऐंशीच्या पाटीत फरक केवढा, असे बोलताना वाटते. पण शरीराला तो फरक फार कळतो. आजच्या चांगल्या गाडीतला, पट्टा लावलेला माणूस साधारण ७० च्या वेगाने समोरासमोर झालेल्या धडकेतून वाचू शकतो, आणि कुशीवर बसणाऱ्या धडकेत हीच सीमा ५० च्या आसपास येते. गाडीच्या पुढे इंजिन असते, चुरगळून मार खाणारा भाग असतो. दाराच्या बाजूला माणूस आणि झाड यांच्यामध्ये एक वीतही जागा नसते. ही आकडेवारी स्वीडिश तज्ज्ञ क्लेस टिंगवाल यांनी १९९९ मध्येच मांडली आहे आणि आपल्यापैकी अनेक मंत्रालयांच्या मार्गदर्शिकांत ती या ना त्या रूपात छापलेली असते. ज्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीत आणि आपल्यात फक्त पांढऱ्या रंगाची एक रेघ आहे, तिथे दोन्ही बाजूंना शंभरची मुभा देणे म्हणजे एखाद्याची झोप, एखादे हरिण, एखादा ओल्या पानांचा थर यांची किंमत जीव ठरवणे होय.

आमच्याकडे सांत्वनाला गेले की म्हणतात, ‘त्याची वेळ भरली होती’. दुःखात असलेल्या माणसाला त्या वाक्याचा आधार होतो आणि मी ते वाक्य हलके मानत नाही. परंतु शासनाने ते म्हणायचे नसते. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेने जे धोरण मंजूर केले, त्याचा गाभा माझ्या समजुतीप्रमाणे हाच आहे. माणूस चुकणार, हे गृहीत धरायचे, आणि रस्ता, गाडी व वेग यांची मांडणी अशी करायची, की त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये. त्या धोरणाने जबाबदारीचे वाटप बदलले. चालकाने नियम पाळायचेच, पण नियम पाळूनही तो मेला तर उत्तर रस्ता आखणाऱ्यांनी द्यायचे.

या विचाराचे स्वीडनने प्रत्यक्षात काय केले, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. त्यांच्याकडे १३ मीटर रुंदीचे, दोन पदरांचे आणि प्रशस्त कडांचे बरेच रस्ते होते, आणि त्यांवर ओव्हरटेक करताना समोरासमोर धडका होत. चौपदरी महामार्ग बांधायला पैसे पुरणार नव्हते. म्हणून १९९८ पासून त्याच रुंदीत तीन पदर आखले गेले. एका दिशेला दोन, दुसऱ्या दिशेला एक, काही अंतरावर ही पाळी उलटायची, आणि मधोमध पोलादी तारांचा कठडा. सुरुवातीला या कल्पनेला विरोध झाला, विशेषतः मोटारसायकलस्वारांना तारांची भीती वाटत होती. परंतु असे बदललेल्या रस्त्यांवरील मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले. आणि जिथे कठडा घालणे शक्य नव्हते, तिथे हजारो किलोमीटर रस्त्यांवरची मर्यादा ९० वरून ८० वर आणली गेली. कठडा द्या, नाहीतर वेग उतरवा, असा तो साधा व्यवहार आहे. कॅमेरेही लावले, पण प्रत्येक कॅमेऱ्याच्या अलीकडे त्याची पूर्वसूचना देणारी पाटी असते, कारण चालकाने वेग कमी करावा हा उद्देश आहे, दंड गोळा करणे हा नाही. लोकांचा विश्वास त्यामुळे टिकला. २०२४ मध्ये स्वीडनमध्ये दहा लाख लोकसंख्येमागे २० च्या आसपास मृत्यू झाले, संपूर्ण संघात ४४ ते ४५, आणि रुमानिया व बल्गेरियात ७० च्या वर.

फ्रान्सचे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते, कारण तिथे शहाणपण आले आणि मग अर्धे परत गेले. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये १६ हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली. माझामे नावाच्या दक्षिणेकडील गावाची लोकसंख्या नेमकी तेवढ्याच्या आसपास होती. १७ मे १९७३ रोजी त्या गावचे लोक घराबाहेर येऊन रस्त्यांवर आडवे पडले, दूरचित्रवाणीने ते दृश्य देशभर दाखवले, आणि एका वर्षात एक अख्खे गाव नाहीसे होणे म्हणजे काय हे लोकांना डोळ्यांनी दिसले. त्याच वर्षी गावाबाहेरच्या रस्त्यांवर वेगमर्यादा आणि सीटबेल्टची सक्ती आली. २००३ मध्ये स्वयंचलित कॅमेरे आले आणि आकडा पुन्हा झपाट्याने घसरला. मग १ जुलै २०१८ रोजी पंतप्रधान एदुआर फिलिप यांच्या सरकारने दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवरची मर्यादा ९० वरून ८० केली. विरोध प्रचंड झाला. त्या हिवाळ्यात इंधनावरील करवाढीविरुद्ध सुरू झालेले पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले आणि देशातले निम्म्याहून अधिक कॅमेरे फोडले वा झाकले गेले. पण सरकारी संस्था सेरेमाने २० महिन्यांचे जे मूल्यमापन २०२० मध्ये प्रसिद्ध केले, त्यानुसार ३४९ जीव वाचले होते, आणि प्रवासाला लागणारा वेळ वाढला होता तो किलोमीटरमागे सरासरी एक सेकंद. यानंतर काय व्हायला हवे होते? झाले ते असे, की डिसेंबर २०१९ च्या कायद्याने जिल्हा परिषदांच्या धर्तीवरच्या स्थानिक संस्थांना मर्यादा पुन्हा ९० करण्याची मुभा दिली होती, आणि अनेकांनी ती वापरली.

ग्रामीण माणसाच्या रागात तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. ज्या गावात बस दिवसातून तीनदा येते, तिथल्या माणसाला गाडीशिवाय गत्यंतर नसते, आणि राजधानीत मेट्रोने फिरणाऱ्यांनी आपल्याला हळू जायला सांगावे हे त्याला लागते. मीही तशाच गावात राहते आणि माझीही गाडी आहे. म्हणून मी हिशेब करून पाहिला. वीस किलोमीटरचे अंतर सतत शंभरच्या वेगाने कापले, तर १२ मिनिटे लागतात आणि ऐंशीने १५. सततचा शंभर वळणांमुळे, ट्रॅक्टरमुळे आणि मधल्या गावांमुळे कधीच मिळत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष फरक दीड-दोन मिनिटांवर येतो. हा हिशेब लोकांपुढे मंत्र्यांनी स्वतः, गावोगावच्या सभांत जाऊन मांडला पाहिजे. फ्रान्समध्ये निर्णय वरून खाली उतरला आणि त्याची किंमत चांगल्या निर्णयाला मोजावी लागली.

दुसरा आक्षेप स्वभावाचा असतो. उत्तरेकडचे लोक शिस्तीचे, पूर्वेकडचे आणि दक्षिणेकडचे तसे नव्हेत, असे मी इथल्या जेवणाच्या टेबलावर अनेकदा ऐकले आहे, आणि आमच्या लोकांविषयी तर ते त्याहून जास्त ऐकले आहे. पोलंडने या समजुतीला दिलेले उत्तर प्रत्येक मंत्र्याने पाठ करावे असे आहे. तिथे २०१९ मध्ये २,९०९ माणसे रस्त्यांवर मेली. १ जून २०२१ पासून झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल टाकणाऱ्या पादचाऱ्याला हक्काने प्राधान्य मिळाले, जानेवारी २०२२ पासून दंडाच्या रकमा भरघोस वाढल्या, आणि २०२३ मध्ये मृतांचा आकडा १,८९३ वर आला. चार वर्षांत पोलिश माणसाचा स्वभाव बदललेला नाही. कायदा बदलला आणि तो पाळला जाईल अशी तजवीज झाली. स्पेननेही २००३ मधले पाच हजारांहून अधिक मृत्यू दहा वर्षांत १,७०० च्या खाली आणले होते, आणि २०१९ मध्ये गावाबाहेरच्या रस्त्यांवरची मर्यादा १०० वरून ९० केली. आयर्लंडने फेब्रुवारी २०२५ पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांवर ८० ऐवजी ६० केली. नेदरलँड्स, डेन्मार्क आणि फिनलंडमध्ये ८० हीच सर्वसाधारण मर्यादा आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रिया मात्र शंभरवरच आहेत.

शहरांबद्दल मला थोडेच लिहायचे आहे, कारण तिथला वाद जवळपास निकाली निघाला आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात १४ मीटर अंतर कापते. चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय पडायला साधारण तेवढाच वेळ लागतो. १४ मीटरवर मूल आडवे आले, तर ३० ने चालणारी गाडी त्याच्या अलीकडे थांबते आणि ५० ने चालणारी पूर्ण वेगाने त्याच्यावर जाते. ऑस्ट्रियातील ग्राझने १९९२ मध्ये ३० ची मर्यादा आणली, ब्रुसेल्स आणि पॅरिसने २०२१ मध्ये, त्याच वर्षी स्पेनने देशभरातील एकेक पदराच्या शहरी रस्त्यांवर. हेलसिंकीत आज निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे, आणि जुलै २०२४ पासूनच्या बारा महिन्यांत त्या शहरात वाहतुकीमुळे एकही मृत्यू झाला नाही. ज्या देशांत नगरपालिकेला अशा मर्यादेसाठी अजूनही एकेका रस्त्याचे समर्थन द्यावे लागते, त्यांनी नियम उलटा करावा : ३० गृहीत धरावे आणि ५० हवे असेल तर त्याची कारणे द्यावीत.

एका गोष्टीची मात्र मला खरोखर भीती वाटते आणि ती रस्त्यांपेक्षा गाड्यांविषयीची आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांच्या बॉनेटची सरासरी उंची वर्षाला सुमारे अर्धा सेंटिमीटर या गतीने वाढत आली आहे. बुटक्या गाडीची धडक पायांना बसते आणि माणूस बॉनेटवर फेकला जातो. उंच बॉनेटची धडक थेट छातीला, आणि लहान मुलाच्या डोक्याला बसते, शिवाय अगदी समोर उभे असलेले मूल चालकाला दिसतच नाही. जुलै २०२४ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत आपोआप ब्रेक लावणारी आणि वेगमर्यादेची जाणीव देणारी यंत्रणा सक्तीची झाली, हे आपण फार चांगले केलेत. पण ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेबरोबर झालेल्या व्यापारविषयक संयुक्त निवेदनात एकमेकांची मोटारींची मानके मान्य करण्याचा इरादा लिहिला गेला आहे. अमेरिकेची लोकसंख्या युरोपीय संघाच्या सुमारे तीन चतुर्थांश आहे आणि तिथे २०२३ मध्ये जवळपास ४१,००० माणसे रस्त्यांवर मेली, त्यांत सात हजारांहून अधिक पादचारी होते. युरोपात गाडी बाजारात येण्यापूर्वी तिला सरकारी मान्यता घ्यावी लागते, पादचाऱ्याच्या डोक्याला आणि पायांना बसणाऱ्या धडकेची चाचणी द्यावी लागते. तिथे कंपनी स्वतःच प्रमाणपत्र देते आणि पादचाऱ्यासाठीच्या अशा चाचणीची सक्ती नाही. ही दोन मानके समान आहेत असे कागदावर लिहिले, तरी चिरडल्या जाणाऱ्या शरीराला ती समान होणार नाहीत. जकातीच्या वाटाघाटीत माणसांचे जीव तराजूत टाकू नयेत, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

याचा माझ्या मायदेशाशीही संबंध आहे. भारतातील वाहनांची मानके बऱ्याच अंशी जिनिव्हात ठरणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमांच्या वळणाने जातात, आणि त्या नियमांवर युरोपची छाप मोठी आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा-चाचणीचा नमुनाही युरोपातूनच आला. चाकणच्या कारखान्यात गाडीचे डिझाइन करणारा अभियंता युरोपचे नियम समोर ठेवून काम करतो. युरोपने इथे पाऊल मागे घेतले, तर ते पाऊल आमच्याकडेही मागे पडेल.

सीमापार दंडाचे कामही अर्धवट आहे. आयोगाच्याच म्हणण्यानुसार २०१९ मध्ये परदेशी गाड्यांनी केलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे ४० टक्के शिक्षेविना सुटले. २०२४ मध्ये सुधारलेला निर्देश आता प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात उतरवायचा आहे. तो मुदतीत उतरवावा, यापलीकडे मला त्यावर काही म्हणायचे नाही.

वेगमर्यादा ठरवणे हा सदस्य देशांचा अधिकार आहे, ब्रुसेल्सचा नाही, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच पत्राच्या मायन्यात आयुक्तांच्या आधी आपली नावे आहेत. युरोपीय वाहतूक सुरक्षा परिषदेच्या अंदाजानुसार सर्व रस्त्यांवरचा सरासरी वेग केवळ एका किलोमीटरने उतरला, तरी वर्षाला सुमारे २,१०० जीव वाचतील. त्यासाठी नवे तंत्रज्ञान किंवा नवे संशोधन लागत नाही. प्रत्येक देशाने दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवर ८० ही सर्वसाधारण मर्यादा करावी, झाडांच्या रांगांच्या आणि अरुंद रस्त्यांवर ती ७० किंवा त्याहून कमी असावी, आणि जिथे याहून जास्त वेग हवा असेल तिथे आधी मधला कठडा बांधावा, ही माझी मुख्य मागणी आहे. तिच्यासोबत प्रत्येक देशाने दरवर्षी हेही प्रसिद्ध करावे, की मेलेल्यांपैकी किती जण कायद्याने मान्य वेगाच्या आत होते. आज ‘बेदरकारपणा’ या एका रकान्यात बरेच काही बसवले जाते आणि रस्त्याचा दोष त्यात दिसेनासा होतो.

ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. माझी मुलगी पुढच्या ऑगस्टपासून शेजारच्या शहरातल्या शाळेत जाईल आणि तिला तिच्या मैत्रिणींबरोबर सायकलने जायचे आहे. त्या रस्त्याला सायकलसाठी वेगळी वाट नाही. गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना दोन मीटर अंतर सोडावे, असा नियम २०२० पासून आहे, पण समोरून गाडी येत असताना त्या अरुंद रस्त्यावर दोन मीटर सोडायला जागाच नसते, आणि शंभरने येणाऱ्याला थांबायला वेळ नसतो. मी तिला अजून हो म्हटलेले नाही. आमच्या रस्त्यावर ७० ची पाटी लावावी, असा अर्ज गावातल्या ६३ जणांच्या सह्यांनिशी आम्ही दोनदा दिला आहे, आणि दोन्ही वेळा उत्तर आले, की विशेष धोक्याची परिस्थिती सिद्ध होत नाही. चार क्रूस पुरेसे नसतील, तर किती लागतात, हे आपल्या नियमावलीत कुठे लिहिले असल्यास कृपया कळवावे.

आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.

कळावे,

आपली नम्र,
ब्रांडेनबुर्गमधील एक मराठी रहिवासी